परक्या पंगतीला : हनोई ते होई आन

खानदेशातून परदेशी जाणाऱ्या सहली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. जळगाव-भुसावळकडे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी ज्या सहलींची जाहिरात होते, त्यांत पहिले आश्वासन बहुधा एकच असते : सोबत आपले महाराज, म्हणजे स्वयंपाकी, असतील आणि दोन्ही वेळेस पोळी-भाजी मिळेल. या सोयीला मी नावे ठेवणार नाही. साठी उलटलेल्या शाकाहारी माणसाला परक्या देशात वेळेवर वरण-भात मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र अशा सहलीहून परतलेल्या माझ्या अनेक स्नेह्यांना त्या देशातील एकाही माणसाविषयी काही सांगता येत नाही, हेही मी पाहिले आहे. जेवण आपल्याच माणसांत, आपल्याच हातचे झाले, तर परक्याशी बोलण्याची गरज उरते ती फक्त हॉटेलची किल्ली घेताना. म्हणून २०२५ च्या चैत्रात, म्हणजे एप्रिलमध्ये, मी, माझी पत्नी आणि रेल्वेतील माझे जुने सहकारी असलेले अमळनेरचे नाना अशा तिघांनी महाराजांशिवाय व्हिएतनामला जायचे ठरवले. मी आणि पत्नी भुसावळचे; तिचे माहेर रावेर तालुक्यात, केळीच्या मळ्यात. ती पूर्ण शाकाहारी आहे, मी घराबाहेर अंडे खातो आणि नाना समोर येईल ते खातात.

शुक्रवार, हनोई

मुंबईहून हनोईला थेट विमान असून प्रवास साधारण पाच तासांचा आहे. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते आणि एका रुपयाला सुमारे तीनशे डाँग मिळतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी माणूस खिशात लाखो घेऊन फिरू लागतो. भुसावळात पारा चाळिशीपार गेला होता. येथे आभाळ भरलेले होते आणि अंगाला गारवा लागत होता.

सायंकाळी होआन किएम तलावावर गेलो. शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात आणि सारे शहर तेथे पायी उतरते. परदेशी माणूस बाकावर बसलेला दिसला, की शाळा-महाविद्यालयातील मुले इंग्रजीचा सराव करण्यासाठी त्याच्याभोवती जमतात, असे ऐकले होते, आणि ते अक्षरशः खरे निघाले. पाच मिनिटांत चार मुले आमच्यासमोर उभी राहिली. त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद होता. पहिला प्रश्न देशाचा, दुसरा वयाचा. त्या समाजात समोरच्याला काका म्हणायचे, आजोबा म्हणायचे की थोरला भाऊ, हे वयावरून ठरते, म्हणून वय विचारणे तेथे उद्धटपणाचे नसून बोलणे सुरू करण्यासाठी आवश्यकच असते. नानांना ही रीत फार आवडली. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात आणि मग त्या गावातले नाते शोधून काढतात; नानांनी याच हिशेबाने प्रत्येक मुलाला त्याचे गाव विचारले आणि ते कोणत्या नदीवर आहे हेही विचारून घेतले.

त्यांतील अर्थशास्त्र शिकणारी एक मुलगी शेवटपर्यंत थांबली. पत्नी मांस, मासे, अंडी यांपैकी काहीच खात नाही हे कळल्यावर तिने आम्हांला 'तोइ आन चाय', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे वाक्य चार-पाचदा घोकून घेतले. हनोईत भाजीच्या पदार्थातही माशांचे आंबवलेले पाणी, नुओक माम, सर्रास घालतात. 'मांस नको' एवढे सांगून ते टळत नाही, पण 'चाय' म्हटले की बौद्ध पद्धतीचे शाकाहारी अन्न असा त्याचा नेमका अर्थ होतो आणि माशांचे पाणीही बाद होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अशाच एका खाणावळीत नेण्याचे तिने आपणहून कबूल केले.

परतताना आमच्या हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंचा चहाचा ठेला लागला. ठेला म्हणजे एक मोठी किटली, बर्फाचा डबा, काचेचे पेले आणि गुडघ्याएवढ्या उंचीची निळी प्लास्टिकची स्टुले, इतकेच. या बर्फ घातलेल्या कोऱ्या चहाला तेथे चा दा म्हणतात आणि त्याचा पेला पाच हजार डाँगला, म्हणजे सोळा-सतरा रुपयांना पडतो. त्या रात्री आम्ही मुकाट्याने चहा प्यायलो आणि पैसे देऊन उठलो.

शनिवार, हनोई

सकाळी बान कुओनच्या दुकानात गेलो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बसवलेल्या फडक्यावर तांदळाचे पातळ पीठ पसरायचे, झाकण ठेवायचे आणि अर्ध्या मिनिटात शिजलेला, आरपार दिसणारा पापुद्रा बांबूच्या पट्टीने उचलून घ्यायचा, असे त्याचे तंत्र आहे. आत एरवी डुकराचे मांस भरतात. पत्नीने आपले वाक्य म्हटल्यावर दुकानदारीणबाईंनी फक्त अळंब्या भरल्या आणि माशांच्या पाण्याऐवजी सोयाबीनचा सॉस पुढे केला. पत्नीचे लक्ष मात्र खाण्यात नव्हते. ती त्या बांबूच्या पट्टीकडे एकटक पाहत होती. अखेरीस तिने भ्रमणध्वनी काढला आणि गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी केलेल्या मांड्यांची चित्रफीत त्या बाईंना दाखवली : माझी मेहुणी पुरणाचा गोळा भरून दोन्ही हातांवर मांडा फिरवत-फिरवत वाढवते आहे आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकते आहे. बाईंनी ती दोनदा पाहिली, मग आतून सासूला बोलावले, सासूने शेजारच्या दुकानातील बाईला. गिऱ्हाईक खोळंबले. पत्नीला भांड्यापाशी बसवण्यात आले आणि तिच्या हाती पट्टी देण्यात आली. तिचा पहिला पापुद्रा फाटला, दुसरा अखंड उतरला, आणि तो त्या सासूबाईंनी स्वतः खाल्ला.

दुपारी ती विद्यार्थिनी ठरल्याप्रमाणे आली आणि तिने आम्हांला चायच्या खाणावळीत नेले. तेथे पंधरा-वीस परातींत भाज्या, टोफूचे प्रकार, कोबी, भोपळा, केळफुलाची कोशिंबीर असे मांडून ठेवलेले असते. बोटाने दाखवायचे, ताटात भातावर पडते आणि ताट पाहून बाई दर सांगतात. टेबले लांबलचक असून जागा मिळेल तेथे बसायचे असते, आणि माझ्या मते हीच त्या खाणावळीची सर्वांत मोलाची सोय होती. आमच्या समोर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पत्नीचे ताट पाहून आपल्या वाटीतील तळलेला टोफू काड्यांनी उचलून तिच्या भातावर ठेवला. उत्तम घास दुसऱ्याच्या वाटीत ठेवणे हा तेथे आदराचा भाग आहे. मांसाहारी दुकानात हेच घडले असते तर पत्नीची मोठी पंचाईत झाली असती. येथे तिने निःशंकपणे तो खाल्ला आणि आपल्या ताटातील भोपळा त्यांना वाढला. भातात काड्या उभ्या रोवून ठेवू नयेत, कारण त्या मृतांसमोर लावलेल्या उदबत्तीसारख्या दिसतात, हे आम्हांला विद्यार्थिनीने सांगितले. पैशांवरून थोडी ओढाताण झाली, पण वडीलधाऱ्याने द्यावे हा नियम तेथेही असल्यामुळे नाना जिंकले.

नंतर मी एकटाच अंड्याची कॉफी प्यायला गेलो. १९४६ साली दुधाचा तुटवडा असताना मेट्रोपोल हॉटेलातील न्गुयेन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, तेव्हापासून ती चालत आली आहे आणि त्यांच्या कुटुंबाचे दुकान आजही आहे. चव उत्कृष्ट होती. तेथे सर्व गिऱ्हाइके प्रवासीच होती आणि जो तो आपल्या पेल्याचे छायाचित्र घेण्यात गुंतला होता.

रात्री आम्ही पुन्हा त्याच चहाच्या ठेल्यावर गेलो. ही सूचना नानांची. नोकरीत असताना ज्या स्थानकावर मुक्काम पडेल तेथे एकाच टपरीवर चहा पिण्याची त्यांची जुनी सवय आहे, आणि त्यामुळे इटारसीपासून इगतपुरीपर्यंत त्यांना ओळखणारी माणसे आहेत. नवीन शहरात रोज नवे दुकान शोधणारा प्रवासी पदार्थ पुष्कळ चाखतो, पण प्रत्येक दुकानात तो पहिल्यांदा आलेला परकाच राहतो. त्या बाईंनी आम्हांला पाहताच मान हलवली, तीन बोटे दाखवली आणि तीन पेले भरले. शेजारच्या स्टुलांवर बसलेले दोन मोटारसायकलचालक सरकले. त्यांतील एकाने भ्रमणध्वनीतील अनुवादाचे अ‍ॅप काढून आम्हांला विचारले, की तुम्ही तिघे एकाच घरातील आहात काय. त्यावर अर्धा तास गेला.

रविवार, हनोई आणि रात्रीची गाडी

रामनवमी होती. पत्नीने दिवसभर फळांवर भागवले आणि तेथील आखूड, जाड, गोड केळ्यांना माहेरच्या मानाने सहा गुण दिले. तिसऱ्या सायंकाळी चहाच्या ठेल्यावर गेलो तेव्हा स्टुले आधीच मांडलेली होती आणि बाईंनी पैसे घेण्यास साफ नकार दिला. नानांनी सावद्याहून आणलेल्या केळीच्या वेफर्सचे पाकीट त्यांच्या हाती ठेवले. विद्यार्थिनीही निरोपाला आली होती. तिकडे सर्व मंडळी संदेशांसाठी झालो नावाचे अ‍ॅप वापरतात, आपले व्हॉट्सअ‍ॅप फारसे कोणाकडे नसते. अखेर फेसबुक हा दोन्हीकडचा समान दुवा सापडला.

सोमवारी, व्हिएतनामचे आद्य राजे मानल्या जाणाऱ्या हुंग राजांच्या स्मृतिदिनाची राष्ट्रीय सुट्टी होती, म्हणजे त्यांच्या तिसऱ्या चांद्र महिन्याची दशमी. गावी जाणाऱ्यांची गर्दी असल्याने गाडीची तिकिटे मी बरीच आधी काढून ठेवली होती. हनोई ते सायगाव (आताचे हो ची मिन्ह सिटी) हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा असून तो १९३६ मध्ये पूर्ण झाला, पुढे देशाची फाळणी आणि युद्ध यांमुळे तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. रेल्वेच्या माणसाचे लक्ष आधी रुळांकडे जाते : सारा मार्ग मीटर गेज आहे. नानांनी फलाटावर उभे राहून पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीची आठवण काढली, जी याहूनही अरुंद होती.

डब्यात चार शायिकांची खोली होती. चौथी शायिका दोंग होईला जाणाऱ्या एका सत्तरीच्या आजीबाईंची होती. त्यांच्याबरोबर सामानाच्या तीन पिशव्या होत्या आणि त्यांपैकी दोन खाण्याच्या होत्या, हे गाडी सुटल्यावर दहा मिनिटांत कळले. आधी त्यांनी आमची वये विचारली. पत्नीपेक्षा आपण मोठ्या आहोत असे ठरताच त्यांनी सूत्रे हाती घेतली. केळीच्या पानात बांधलेला चिकट भात निघाला, उकडलेली कणसे निघाली, सोललेला पोमेलो निघाला. भातात काय आहे हे पत्नीने आपल्या वाक्याने विचारले. आजीबाईंनी एक पुडी बाजूला सारली, दुसरी उघडून त्यातील मूग दाखवले आणि ती पुढे केली. आमच्याकडून शेव, दादर ज्वारीच्या पापड्या आणि लसणाची कोरडी चटणी गेली. पापड्या त्यांना पसंत पडल्या. चटणीचा चिमूटभर अंश जिभेवर ठेवून त्या काही क्षण गप्प राहिल्या, मग हसल्या, आणि उरलेली चटणी कागदात बांधून मागून घेतली.

रात्री नऊच्या सुमारास ढकलगाडीवर तांदळाची पेज, भात आणि अंडी विकायला आली. त्या सेवकाने आमच्या मांडलेल्या पंगतीकडे पाहून काही न विचारता गाडी पुढे नेली. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते. आजीबाईंनी नानांना तेथे पाठवून सर्वांसाठी चहा करवून घेतला. अनुवादाचे अ‍ॅप एक वाक्य बरोबर आणि एक वाक्य भलतेच सांगत होते, तरी त्यांचा मुलगा समुद्रावर मासेमारी करतो, धाकटी नात शिक्षिका होणार आहे आणि त्यांचे यजमान १९७२ मध्ये गेले, एवढे आम्हांला समजले. शेवटची गोष्ट त्यांनी बोटांनी आकडे दाखवून सांगितली. त्यावर आमच्यापैकी कोणी काही विचारले नाही. रस्तोरस्ती ३० एप्रिलच्या तयारीचे झेंडे लागले होते, कारण युद्ध संपल्याला त्या दिवशी पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. त्या वर्षी आमची आखाजीही नेमकी त्याच तारखेला होती. पहाटे दोंग होईला त्या उतरल्या तेव्हा नाना त्यांच्या पिशव्या घेऊन फलाटापर्यंत गेले आणि गाडी सुटायला अवकाश असूनही माझा जीव खालीवर होत राहिला.

सोमवार आणि मंगळवार, ह्वे

ह्वे ही न्गुयेन राजघराण्याची १८०२ ते १९४५ या काळातील राजधानी. विहारांचे शहर असल्यामुळे शाकाहारी पाककला येथे फार वरच्या दर्जाला पोहोचली आहे. कमळाच्या बिया घातलेला भात, केळीच्या पानात उकडलेले साबुदाण्यासारख्या पिठाचे पारदर्शक बान लोक, फणसाच्या कोवळ्या गऱ्यांची कोशिंबीर, अळंब्यांचा रस्सा आणि चे नावाची डाळी-कंदांची असंख्य गोड पेये, असे दोन दिवस आम्ही जेवलो. मीठ घातलेली कॉफीही येथलीच. तिची सुरुवात २०१० मध्ये याच शहरातील एका कॉफीगृहात झाली, आणि ती ऐकण्यापेक्षा पिण्यास बरी लागते.

एवढे असूनही ह्वेत आमची कोणाशी ओळख झाली नाही. उपाहारगृह देखणे होते, टेबले एकमेकांपासून दूर होती, पाठीशी नम्र वाढपी उभे होते आणि आम्ही तिघे आपसांतच बोलत जेवलो. आयुष्यात खाल्लेल्या उत्तम शाकाहारी जेवणांत ते नक्कीच बसेल. नानांनी मात्र मंगळवारी रात्री स्पष्ट सांगून टाकले, की उद्यापासून जेथे पाठ टेकायला खुर्ची असेल तेथे आपण बसायचे नाही.

बुधवार, होई आनकडे

ह्वेहून दा नांगला जाणारी गाडी हाय वान घाटात समुद्राला खेटून वळणे घेत जाते. कसारा घाटात हयात घालवलेल्या नानांनी या मार्गाला मनापासून दाद दिली. दा नांगहून होई आन तीसेक किलोमीटर आहे. हे जुने बंदर १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत असून गल्ल्या पिवळ्या भिंतींच्या आणि कंदिलांच्या आहेत; गर्दी इतकी, की स्थानिक माणूस म्हणजे फक्त विक्रेता. काओ लाउ ही तेथील जाड शेवयांची खासियत शाकाहारी रूपात मिळाली. तिच्याबद्दल आणखी सांगण्यासारखे काही नाही.

गुरुवार, 'मी सॉन' आणि चा क्वे

सकाळी आम्ही 'मी सॉन' येथील जुन्या मंदिरांना जाऊन आलो. मध्य व्हिएतनामवर एके काळी राज्य करणाऱ्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली ही शिवमंदिरे १९६९ च्या बाँबवर्षावात बरीच उद्ध्वस्त झाली. त्यांतील तीन गटांची दुरुस्ती भारतीय पुरातत्त्व खात्याने केली आणि त्या कामात २०२० मध्ये अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. पत्नीने बाहेरूनच हात जोडले.

दुपारी होई आनच्या बाहेर असलेल्या चा क्वे या भाजीपाल्याच्या गावी गेलो. वाफे हातरुंद आणि दोरी लावून आखल्यासारखे सरळ आहेत, खत म्हणून जवळच्या पाण्यातील शेवाळ मातीत मिसळतात आणि खांद्यावरच्या काठीला दोन झाऱ्या लावून एकाच वेळी दोन वाफ्यांना पाणी देतात. मळ्याच्या कडेला एका कुटुंबाचे छोटे खाणावळीवजा घर आहे. बाई रांधतात, त्यांचे यजमान मळा पाहतात आणि म्हातारी सासूबाई पानांच्या जुड्या बांधत दारात बसतात. दा नांगच्या हॉटेलात काम करणारा मुलगा त्या दिवशी घरी होता आणि त्याला बऱ्यापैकी इंग्रजी येत होते.

'चाय' म्हटल्यावर बाईंनी भात, अळूसारख्या पाल्याचा रस्सा आणि एक वांग्याचा पदार्थ आणला. लांब जांभळी वांगी कोळशावर भाजून, सोलून ताटलीत पसरली होती; त्यावर गरम तेलात नुकताच फुललेला पातीचा कांदा ओतला होता आणि वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाड कूट. नानांनी एक घास घेतला, काड्या खाली ठेवल्या आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "भाऊ, हाई ते आपलंच भरीत शे!"

आपलेच ते नव्हते. त्यात हिरवी मिरची नव्हती, लसूण नव्हता, आणि वांगे ठेचले नव्हते. पण पातीचा कांदा आणि शेंगदाणे ही जोडी भाजलेल्या वांग्यावर पाहिल्यावर खानदेशी माणसाला थांबवणे अवघड असते. नानांनी मुलाला पकडून बामणोद-असोद्याच्या वांग्यांचे वर्णन सुरू केले : हिरवट पांढरी, हातभर, बिया कमी, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, ती कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात, मिरची-लसणासह लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिवाळ्यात शेतात बसून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर खातात. मुलगा भाषांतर करीत गेला आणि त्याचे वडील हातातली झारी खाली ठेवून ऐकत बसले. त्यांचा पहिला प्रश्न शेतकऱ्याचा होता : कापूस काढल्यावर काड्या जाळता, मग जमिनीला काय देता? नाना यावर दहा मिनिटे बोलले. निघताना बाईंनी मुलाकरवी विचारले, की शनिवारी पौर्णिमा आहे, त्या दिवशी सारे घर चाय खाते. तेव्हा याल काय, आणि ते तुमचे ठेचलेले वांगे करून दाखवाल काय.

शुक्रवार, होई आन

चांद्र महिन्याच्या चतुर्दशीला होई आनच्या जुन्या भागातील विजेचे दिवे मालवतात, सर्वत्र कंदील लागतात आणि नदीत कागदी दिवे सोडतात. दृश्य सुरेख होते. पुलावर मात्र मुंगीलाही वाट नव्हती आणि कागदी दिवे विकणारी लहान पोरे मागे लागली होती. आठ वाजताच आम्ही परतलो. पत्नीला दुसऱ्या दिवसाची काळजी लागली होती : परक्या चुलीवर हातचे बिघडले तर आपल्या गावाचे नाव जाईल, असे ती दोनदा म्हणाली.

शनिवार, चा क्वे

चैत्री पौर्णिमा. एरवी या दिवशी आमच्या घरून कोणी ना कोणी सप्तशृंगीच्या यात्रेला पायी गेलेले असते. पत्नीने सकाळी मोबाइलवर गडाचे दर्शन घेतले आणि आम्ही नऊ वाजता मळ्यात पोहोचलो.

कपाशीच्या काड्या नव्हत्या, म्हणून यजमानांनी बांबूचे सुके काटक्याकुटके गोळा करून ठेवले होते. वांगी जांभळी आणि बारीक होती, पण नुकतीच तोडलेली. ठेचायला लाकडी भांडे नसल्याने बाईंनी दगडी खल काढून दिला. पत्नीने हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचायला घेतले, तोच दारात बसलेल्या सासूबाई काहीतरी बोलल्या आणि मुलगा संकोचला. पौर्णिमेच्या दिवशी त्या कांदा, लसूण आणि त्या जातीचे काहीच खात नाहीत, असे त्याने सांगितले. पत्नीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुटकेचा भाव आला, कारण ही अडचण तिच्या ओळखीची होती. तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे तिन्ही वर्ज्य करीत असे आणि घरात वर्षानुवर्षे दोन वेगळी पातेली चढत. तिने खल धुवून घेतला, आजींसाठी मिरची, मीठ, कोथिंबीर आणि शेंगदाणे घालून वेगळे भरीत आधी केले, ते झाकून त्यांच्यापुढे ठेवले आणि मग आमच्यासाठी लसूण-कांद्याचे घेतले. आजींनी झाकण उचलून वास घेतला. मग त्यांनी पत्नीला हाताने ओढून आपल्या शेजारी चटईवर बसवले, आणि पुढचा सगळा वेळ त्या दोघी, एक व्हिएतनामीत आणि दुसरी लेवा बोलीत, मुलाच्या मदतीवाचून बोलत होत्या.

कळण्याची भाकरी अर्थातच नव्हती. भरीत भाताबरोबर आणि तांदळाच्या कोरड्या पापडांवर घेऊन खाल्ले, आणि पापडावरचे भरीत मला स्वतःला घरच्यापेक्षा कमी वाटले नाही. पत्नीचे मत वेगळे आहे. जेवणापूर्वी मुलाने वयाच्या क्रमाने प्रत्येकाला 'जेवा' अशी विनंती केली, आधी आजींना, मग नानांना, मग मला, तेव्हा नानांनी 'वदनी कवळ' म्हटले. यजमानांना ते प्रार्थनेसारखे वाटून ते हात जोडून थांबले. त्यांना मिरची सोसवली नाही, पण त्यांनी तीनदा वाढून घेतले आणि दर खेपेला घाम पुसत बायकोकडे पाहून हसले.

जेवणानंतर हिशेबाचा प्रश्न निघाला. आदल्या वेळेस आम्ही पैसे दिले होते; या वेळी बाईंनी हात मागे घेतले आणि मुलगा म्हणाला, की आई म्हणते आज रांधले तुम्ही. नानांनी बामणोदच्या वांग्याचे बी पाठवण्याचे वचन देऊन टाकले. बियाणे असे टपालाने परदेशी धाडता येत नाही, त्याला वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, हे मी त्यांना तेथेच सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग माणसंच बलाई लिऊत," म्हणजे माणसांनाच बोलावून घेऊ. यजमानांनी भाषांतर ऐकून विचारले, की ती वांगी कोणत्या महिन्यात उत्तम असतात. मार्गशीर्ष-पौष, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, असे सांगताच त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने उलटली आणि मुलाशी थोडा वेळ वाद घातला, कारण त्यांचे नववर्ष, तेत, त्याच सुमारास येते आणि त्याआधी मळ्यात भाजीची सर्वांत मोठी तोडणी असते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा मोकळा निघाला. मुलाने भारताच्या व्हिसाची माहिती काढायला घेतली आणि नाना त्याला मुंबईहून भुसावळपर्यंतच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ सांगू लागले, ज्यांपैकी दोन आता बदलल्या आहेत. चार वाजता आमची दा नांग विमानतळाची गाडी आली, तरी ते थांबेनात; शेवटी वेळा लिहून देतो असे मी कबूल केल्यावर ते गाडीत बसले.